कार्ब काढून चार थ्रॉटल बॉडी बसवतोय, बोअर किती ठेवू?

जुनाटपेट्रोल
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या. १६०० सीसीचं ट्विन कॅम १६ व्हॉल्व्ह इंजिन आहे, त्यावर दोन ४० चे साइड ड्राफ्ट वेबर कार्ब बसलेत. कॅम बदललेत, कॉम्प्रेशन वाढवलंय, ७५०० पर्यंत फिरवायचंय आणि १५० बीएचपी हवेत. कार्बची आता कटकट झालीये, थंडीत जमवलेलं जेटिंग उन्हाळ्यात चालत नाही आणि प्रत्येक वेळी जेटचा डबा उघडून बसायचं. म्हणून इंजेक्शनवर जायचं ठरवलंय, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल बॉडी, म्हणजे हवेची वाट उघड-बंद करणारी झडप. मॅनिफोल्ड स्वतः बनवणार, बॉडी पण शक्यतो स्वतःच. माझा हिशोब असा की जितकं भोक मोठं तितकी हवा जास्त, म्हणून ४८ मिमी धरलंय. कुठे चुकत असेन तर आत्ताच सांगा, अजून अॅल्युमिनियम कापलेलं नाही.

सुईझडप
४८??? विमान उडवायचंय का भाऊ

सुईझडप
बरं आता नीट सांगतो. तुझ्या त्या ४० च्या कार्बच्या पोटात डोकावून बघ, आत चोक (हवेची वाट आवळणारी नळी, व्हेंच्युरी) असतो तो ३२-३३ चा असेल, त्यावर नंबर कोरलेला असतो. म्हणजे आज तुझं इंजिन ३२ च्या भोकातून श्वास घेतंय, ४० च्या नाही. थ्रॉटल बॉडीत चोक नसतोच, कारण पेट्रोल ओढायला व्हेंच्युरी लागतच नाही, ते काम इंजेक्टर करतो. त्यामुळे ४० ची बॉडी ही ४५ च्या कार्बपेक्षाही मोकळी. कार्बचा आकडा उचलून तसाच बॉडीला लावायचा ही चूक सगळे करतात, मी पण केली होती, त्याचे ४५ अजून माळ्यावर पडलेत.

जुनाटपेट्रोल
बघितलं. ३२ लिहिलंय. 🙈
पण मग मोठं ठेवल्याने तोटा काय होतो ते कळत नाहीये, जास्तीची हवा इंजिन घेणार नाही, बास ना?

लेथवाली
तोटा तुमच्या उजव्या पायाला कळतो. कागद घ्या. ४५ मिमी भोकाचं क्षेत्रफळ साधारण १५९० चौ. मिमी, चार म्हणजे ६३६०. कंपनीच्या एका ६० मिमी थ्रॉटलचं २८२७. म्हणजे चार ४५ लावले की सव्वादोन पट दार उघडं. आता बटरफ्लाय (भोकातली फिरणारी चकती, प्लेट) ३० अंश फिरवला की भोकाचा साधारण १३ टक्के भाग उघडतो, चार मिळून ८५० चौ. मिमी. तेवढंच एका ६० मधून मिळवायला त्याला ४६ अंश फिरवावं लागतं. शाफ्टची जाडी आणि प्लेटचा बंद असतानाचा कोन मी सोडून दिलाय पण अंदाज यायला पुरे. ४८ घेतलेत तर अजून वाईट. पेडलच्या पहिल्या इंचात सगळी ताकद येऊन संपते, पुढे पाय खाली गेला तरी काही घडत नाही, आणि गर्दीत पहिल्या गिअरवर गाडी बेडकासारखी उड्या मारते.

तुमच्या हेडचा इनटेक पोर्ट तोंडाशी किती आहे ते मोजा. बॉडी त्याच्यापेक्षा किंचित मोठी आणि तिथून पोर्टपर्यंत हळूहळू निमुळती होत जाणारी वाट, याच्यापलीकडे मोठी करून मिळवण्यासारखं काही नाही.

जुनाटपेट्रोल
ताई पोर्ट ३८ आहे गोल धरला तर. मग ४० करतो. आणि केबलच्या चाकाला गोल न ठेवता कॅमसारखा आकार दिला तर सुरुवातीला हळू उघडेल ना?

लेथवाली
हो, तेच करायचं. सुरुवातीला मोठी त्रिज्या, पुढे लहान. म्हणजे पहिल्या इंचात केबल जास्त आणि शाफ्ट कमी फिरतो.

गॅरेजमधला_उंदीर
दादा मोटरसायकलच्या बॉडी का घेत नाहीस? चार सिलिंडरच्या स्पोर्ट्स बाइकचा सेट तयार मिळतो, इंजेक्टर, रेल, टीपीएस (थ्रॉटलचा कोन सांगणारा सेन्सर) सगळं लागलेलं, मी तेच लावलंय.

सुईझडप
चांगला पर्याय आहे पण दोन गोष्टी. एक, बाइकचे सिलिंडर जवळजवळ असतात त्यामुळे बॉडी कापून अंतर वाढवावं लागतं आणि शाफ्टच्या मधल्या जोडण्या स्वतः बनवाव्या लागतात. दोन, बऱ्याच सेटमध्ये मुख्य बटरफ्लायच्या वर दुसरा एक बटरफ्लाय असतो, कंपनीचा कंप्युटर तो मोटरने फिरवतो. तो काढायचा आणि त्याच्या शाफ्टची भोकं बुजवायची. नाही बुजवली तर फिल्टर चुकवून धूळ आत.

जुनाटपेट्रोल
मला स्वतः बनवायचंच आहे. वेबरचा नट-बोल्टचा पॅटर्न ठेवतोय, जोडीतल्या दोन भोकांत ९० मिमी, म्हणजे उद्या कंटाळा आला तर कुठल्याही तयार बॉडी त्याच मॅनिफोल्डवर बसतील.

लेथवाली
हे शहाणपणाचं केलंत. आता बनवतच आहात तर शाफ्टकडे लक्ष द्या. ८ मिमीचा अख्खा गोल शाफ्ट ४० च्या भोकात आडवा टाकला की ३२० चौ. मिमी अडतात, भोक आहे १२५७ चं. पूर्ण उघडल्यावरसुद्धा पाव वाट शाफ्टने खाल्ली. म्हणून प्लेट बसते तिथे शाफ्ट दोन्ही बाजूंनी घासून पातळ करायचा. स्लाइड थ्रॉटल किंवा रोलर बॅरल असेल तर पूर्ण उघडल्यावर मधे काहीच राहत नाही, रेसिंगमध्ये ते वापरतात, पण स्लाइड व्हॅक्यूमने चिकटते आणि धूळ गेली की अडकते, रोजच्या गाडीत मी नाही लावणार.

प्लेट बसवताना स्क्रू सैल ठेवा, थ्रॉटल दोन-चार वेळा फटकन बंद करून प्लेटला आपली जागा शोधू द्या, उजेडाकडे धरून बघा, कडेने चंद्रकोर दिसली तर पुन्हा. सगळीकडून सारखा अंधार झाला की मग आवळा. आणि आवळल्यावर स्क्रूची मागची टोकं ठोकून पसरवा. नुसत्या लॉकटाइटवर विसंबू नका.

गॅरेजमधला_उंदीर
हे शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा. माझा एक स्क्रू असाच सुटला, पावणेदोन मिमीचा काय तो तुकडा, सरळ पिस्टनवर. हेड उघडलं तेव्हा पिस्टनच्या डोक्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे आणि प्लगचं तोंड मिटलेलं. बसवून मीच दिला होता त्यामुळे भांडायला पण कोणी नाही.

जुनाटपेट्रोल
😬 ठोकतो. ट्रम्पेटची, म्हणजे बॉडीच्या तोंडावरच्या भोंग्यासारख्या नळीची, लांबी किती ठेवू?

सुईझडप
आधी काय घडतं ते समजून घे. व्हॉल्व्ह उघडला की कमी दाबाची लाट रनरमधून (व्हॉल्व्हपर्यंतच्या हवेच्या नळीतून) वर धावते, ट्रम्पेटच्या तोंडाशी उघड्या हवेला धडकते आणि उलटी होऊन म्हणजे जास्त दाबाची होऊन परत येते. ती व्हॉल्व्ह बंद होण्याच्या जरा आधी पोचली तर फुकटची हवा आत ढकलून जाते. समज व्हॉल्व्हपासून तोंडापर्यंत ३०० मिमी, जाऊन येऊन ६००, आवाजाचा वेग ३४० मी. सेकंदाला धरला तर पावणेदोन मिलिसेकंद. ७५०० आरपीएमला तेवढ्यात क्रँक ७९ अंश फिरतो, ५००० ला ५३ अंश. म्हणजे एकच लांबी सगळीकडे जुळणं शक्यच नाही, लांब ठेवलीस तर ताकद खाली येते, आखूड ठेवलीस तर वर जाते. म्हणून ट्रम्पेट वेगळे, बदलता येतील असे कर आणि दोन-तीन लांब्या कापून ठेव. तोंडाची कड मागे वळवलेली गोल हवी, धारदार पाइप कापून ठेवू नकोस. आणि फिल्टरची भिंत तोंडापासून निदान अर्ध्या बोअरइतकी तरी लांब.

धूरकांडी
एक भाबडा प्रश्न, चार थ्रॉटल एवढे भारी तर सगळ्या गाड्यांना का नसतात

सुईझडप
खर्च आणि कटकट, दुसरं काय. ज्यांना परवडलं त्यांनी दिले की. बीएमडब्ल्यूच्या ई-३० एम-३ ला चार होते, ई-४६ एम-३ ला सहा, व्ही-१० वाल्या एम-५ ला तर दहा. निस्सानच्या आरबी-२६ ला टर्बो असूनही सहा. टोयोटाचं ४ए-जीई २० व्हॉल्व्हवालं १९९१ साली चार थ्रॉटल घेऊन आलं, हवा मोजायला झडपेचा एअरफ्लो मीटर, आणि १९९५ च्या काळ्या झाकणाच्या इंजिनात तो काढून मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) आणला. फायदा मुख्य दोन. प्लेट आणि व्हॉल्व्हच्या मधे हवा थोडीशीच राहते म्हणून पाय ठेवला की लगेच उत्तर. आणि मोठ्या कॅमचा ओव्हरलॅप (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळ) असतो तेव्हा एका सिलिंडरची उलटी मारलेली हवा दुसऱ्याच्या ताटात जात नाही, म्हणून आयडलिंग माणसासारखं राहतं.

लॅम्बडा_वन
उशिरा आलो. लोखंडाचं बोलून झालं असेल तर वायरिंगचं बोलू, कारण असे प्रोजेक्ट रखडतात ते इथेच.

आधी इंजेक्टर. १५० बीएचपी, दर बीएचपीला ताशी अर्धा पौंड पेट्रोल धरलं तर ७५ पौंड, चार इंजेक्टरमध्ये १८.७५, ड्यूटी (इंजेक्टर किती वेळ उघडा राहतो ते) ८५ टक्क्यांवर थांबवायची तर २२ पौंड, म्हणजे मिनिटाला साधारण २३० सीसी. २४० चे घे, ४४० चे स्वस्तात मिळाले म्हणून आणू नकोस. ७५०० ला एक चक्र १६ मिलिसेकंदांचं, तिथे वेळ पुरतो. खरी परीक्षा आयडलला असते, तिथे इंजेक्टर जेमतेम २ मिलिसेकंद उघडतो आणि त्यातला जवळजवळ १ तर नुसता उघडण्यात जातो, डेड टाइम म्हणतात तो. तिथे ०.१ चुकलं की मिक्सचर दहा टक्के हललं. बॅटरीचा व्होल्टेज पडला की डेड टाइम वाढतो, तो तक्ता इंजेक्टरच्या मापाचाच भर, अंदाजे नको.

आता लोड कशावर मोजायचा. चार वेगळ्या रनरमध्ये व्हॅक्यूम सारखा फडफडतो आणि थ्रॉटल जरासा उघडला की लगेच बाहेरच्या हवेइतका होतो, म्हणजे मॅपला पुढचं सगळं एकसारखंच दिसतं. म्हणून बहुतेक लोक अल्फा-एन वापरतात, थ्रॉटलचा कोन आणि आरपीएम, बास. त्यात टीपीएसचे कप्पे सारखे पाडायचे नाहीत, खाली दाटीवाटीने, ०, २, ४, ६, ९, १३, २०, ३५, ६०, १०० असे काहीतरी, कारण सगळी गंमत पहिल्या २० टक्क्यांत. बॅरोमीटरचं करेक्शन ठेव नाहीतर घाटावर चढलास की रिच. हवेच्या तापमानाचा सेन्सर फिल्टरच्या डब्यात, मॅनिफोल्डच्या धातूत खुपसलास तर तो इंजिनचं तापमान सांगत बसेल.

इंजेक्शनचा कंप्युटर मेगास्क्वर्ट, स्पीडुइनो, काहीही घे, अल्फा-एन सगळ्यांना येतं, मेगास्क्वर्टमध्ये आयटीबी (स्वतंत्र थ्रॉटल बॉडी) मोड म्हणून अल्फा-एन आणि मॅप दोन्हींची सांगडही आहे.

जुनाटपेट्रोल
ब्रेक बूस्टरला व्हॅक्यूम कुठून देऊ?

लॅम्बडा_वन
चारही रनरमधून बारीक नळ्या काढून एका छोट्या डब्यात आण, बूस्टरच्या वाटेवर एकदिशा व्हॉल्व्ह. मोठ्या कॅमला तरी पुरत नसेल तर विजेचा व्हॅक्यूम पंप, ब्रेकच्या बाबतीत जुगाड नको. त्याच डब्यातून मॅप सेन्सरलाही नळी जाते, फडफड बरीच शांत होते. पेट्रोलच्या दाबाच्या रेग्युलेटरची नळी मात्र उघडी सोड, त्या फडफडत्या व्हॅक्यूमला जोडलीस तर पेट्रोलचा दाब नाचेल.

लेथवाली
आणि मॅनिफोल्ड वेल्ड करताना फ्लँज जाड लोखंडी प्लेटला घट्ट बोल्ट करून मगच करा, एका टोकाकडून सरळ ओढत नेऊ नका, उड्या मारत टाके घाला, पूर्ण थंड झाल्यावरच सोडा. तरी वाकेल. वाकलेलं मिलिंगवर सरळ करून घ्या, म्हणून फ्लँज सुरुवातीलाच १२ मिमीचं घ्या, घासायला माल राहील.

जुनाटपेट्रोल
धन्यवाद सगळ्यांना, कामाला लागतो. 🙏

*(अडीच महिन्यांनी)*

जुनाटपेट्रोल
मंडळी, चालू झालं!! पहिल्या दिवशी सायलेन्सरमधून फटाके, दुसऱ्या दिवशी कळलं इंजेक्टर २ आणि ३ च्या वायरी उलट्या, तिसऱ्या दिवशी गुरगुरलं. पिकअप असा आहे की कार्बचं नाव काढणार नाही. ४० च ठेवलं, कॅमवालं चाक केलं, सगळं ऐकलं.

पण एक भूत आहे. थंड असताना सिंक केलं (चारही थ्रॉटलची हवा सारखी केली), हवा मोजायचं घड्याळ चारही ट्रम्पेटवर ३ किलो दाखवतं, आयडल ९०० ला दगडासारखं. रेडिएटरचा फॅन लागेपर्यंत गरम झालं की आयडल चढत चढत १३०० ला जातं आणि वाइडबँड (एक्झॉस्टमधून मिक्सचर मोजणारा सेन्सर) काहीतरी झोके घेतो. पुन्हा थंड झालं की शहाण्यासारखं ९००. तीन दिवस झाले डोकं खातंय.

गॅरेजमधला_उंदीर
गरम झाल्यावर कुठूनतरी हवा घेतंय. फ्लँजचं गॅस्केट. कार्ब क्लीनर मारून बघ.

जुनाटपेट्रोल
मारला, सगळीकडे, आवाजात फरक नाही.

लॅम्बडा_वन
आधी वाइडबँडवर विश्वास ठेवणं थांबव, मोठ्या ओव्हरलॅपला आयडलवर न जळलेली हवा सरळ एक्झॉस्टमध्ये जाते आणि सेन्सर लीन दाखवतो, खरं मिक्सचर तसं नसतं. हवा-पेट्रोलच्या १४.७ या प्रमाणाच्या मागे लागू नकोस, इंजिनला जे आवडेल ते दे. पण आयडल चढणं वेगळं. वॉर्मअपचं एनरिचमेंट आणि इग्निशनचं आयडल अॅडव्हान्स बघितलंस?

जुनाटपेट्रोल
दोन्ही फिक्स करून बघितलं, तरीही चढतंय. टीपीएस ० च दाखवतो.

लेथवाली
गरम असताना घड्याळाने चारही मोजलेत का? आणि दोन बॉडी एकमेकींना कशा जोडल्यात, फोटो टाका.

जुनाटपेट्रोल
मोजलं आत्ता. १ आणि २ वर ३ च आहे. ३ आणि ४ वर ४. अरेच्चा.
जोडणी फोटोत. दोन्ही जोड्यांना लिव्हर, आणि वरून ६ मिमीचा लोखंडी रॉड, टोकांना रोझ जॉइंट. शाफ्ट सरळ एका रेषेत जोडायचे होते पण फ्लँज वेल्डिंगमध्ये थोडं वाकलं, ०.६ मिमी, मिलिंगला न्यायचा कंटाळा केला आणि रॉडवर भागवलं. टीपीएस पहिल्या जोडीवर आहे.

सुईझडप
"सगळं ऐकलं" म्हणे 😂

लेथवाली
भूत सापडलं. दोन लिव्हरमध्ये अंतर किती, ३०० च्या आसपास? लिव्हर २५ ची दिसतेय. मॅनिफोल्ड अॅल्युमिनियमचा, तो अंशाला मीटरमागे २३ मायक्रॉन वाढतो, लोखंड १२. ३०० मिमी आणि ६० अंशांचा फरक धरला तर मॅनिफोल्ड ०.४ मिमीने लांब झाला आणि रॉड ०.२ नेच. म्हणजे रॉड ०.२ ने आखूड पडला, आणि त्याने दुसऱ्या जोडीची लिव्हर ओढली. २५ च्या लिव्हरवर ०.२ म्हणजे जवळपास अर्धा अंश. पेडलवर अर्धा अंश काहीच नाही, पण आयडलला प्लेट जेमतेम ३ अंश उघडी असते, तिथे अर्ध्या अंशाने तिसरा हिस्सा हवा वाढते. ३ चे ४, तुमचं घड्याळ तेच सांगतंय. रॉड वाऱ्यात लटकतोय त्यामुळे तो मॅनिफोल्डपेक्षा थंडच राहणार, म्हणजे फरक यापेक्षा जास्तच, कमी नाही. टीपीएस पहिल्या जोडीवर असल्यामुळे त्याला यातलं काही दिसत नाही.

लॅम्बडा_वन
मी हे ट्यूनिंगच्या तक्त्यांत शोधत बसलो असतो आठवडाभर.

जुनाटपेट्रोल
रॉड अॅल्युमिनियमचा केला तर?

लेथवाली
अर्धं दुखणं जाईल, तापमान सारखं नसल्यामुळे उरलेलं राहील. वेबरच्या जोडणीत दोन कार्बच्या शाफ्टमध्ये काटा, जीभ आणि स्प्रिंगवाला सिंकचा स्क्रू असतो तो उगाच नाही. शाफ्ट एका रेषेत असले की मॅनिफोल्ड लांब झाला तरी जीभ काट्यात नुसती सरकते, शाफ्ट फिरत नाही. तेव्हा आता जा मिलिंगला.

जुनाटपेट्रोल
मॅनिफोल्ड उतरवला. १.२ मिमी घासावं लागलं, ०.६ मी मोजलं होतं ते मधल्या भागात, चार नंबरच्या कोपऱ्यात जास्त होतं. आता दोन्ही शाफ्टमधून एक सरळ सळई हाताने आरपार जाते. काटा आणि जीभ लेथवर केली, स्क्रूला स्प्रिंग कार्बमधलीच लावली, तेवढीच त्यांची आठवण.

जुनाटपेट्रोल
थंड ३, ३, ३, ३. फॅन लागून बंद झाल्यावर ३, ३, ३, आणि चारला ३ च्या एक केसभर वर. आयडल ९५०. चारचा बायपास स्क्रू पाव आटा आत घेतला, आता बसला. टीपीएस नव्याने शून्य केला आणि खालचे चार कप्पे पुन्हा भरतोय, रविवारी लांब ट्रम्पेट लावून बघणार.

धूरकांडी
व्हिडिओ टाक ना, आवाज ऐकू दे